वाडा पाडण्याआधी लाकूड बघा

साग धोक्यात आहे असं म्हटलं की नागपूरच्या माणसाला पटत नाही. पटावं तरी कसं? सेमिनरी हिल्सवर साग आहे. पेंचला जाताना देवलापारच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग आहे. काटोलकडे शेतांच्या धुऱ्यावर ओळीने साग उभा आहे. २०२३ मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उघडलं, त्यातलं सागवान नागपूरहून गेलं. त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवानाची पहिली खेप मिरवणुकीने रवाना झाली.

तरीही २०२२ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत साग ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. ही यादी लावलेली झाडं धरत नाही. जंगलात आपसूक उगवलेला, मूळचा साग जगात चारच देशांत आहे: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. तो तुटत गेला, त्याच्या खालची जमीन गेली, आणि त्यातले जुने, सरळ, मोठे वृक्ष सगळ्यांत आधी गेले. थायलंडने तर १९८८ च्या भीषण पुरानंतर १९८९ मध्येच जंगलतोड बंद केली. आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत कितीही साग लावला तरी ही नोंद बदलत नाही. मेळघाटातल्या कोरड्या डोंगरावर तग धरणारा साग आणि मलबारच्या पावसात वाढणारा साग यांच्यात हजारो वर्षांचा फरक साठलेला आहे. तो एकदा गेला की रोपवाटिकेत तयार करता येत नाही.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. पारडीकडे भाड्याची शेड आहे, दोन मिस्त्री आहेत. महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी या भागांतले वाडे पडतात तेव्हा निघणारं लाकूड आम्ही विकत घेतो, खिळे काढतो, आणि त्यातून टेबलं, झोपाळे, दारं करतो. सासरे लकडगंजात एका वखारीवर मुनीम होते. लाकूड ओळखायला मला त्यांनी शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा मला लाकडात ‘साग’ आणि ‘साग नसलेलं’ एवढंच कळायचं, आणि नागपुरातल्या बहुतेकांना आजही तेवढंच कळतं.

ओळखायची रीत अशी. तुळईच्या टोकाचा अर्धा इंच कापून टाकायचा, कारण बाहेरचं टोक उन्हापावसाने काळं पडलेलं असतं. आतला आडवा काप धारदार ब्लेडने गुळगुळीत तासायचा. ओल्या बोटाने पुसायचा. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून उजेडाकडे तोंड करायचं. सागात मोठ्या छिद्रांची रांग दर वलयाच्या सुरुवातीला बसलेली दिसते. झाडाला पालवी फुटली, पाऊस आला, त्या दिवसांत त्याने भराभर पाणी ओढलं, त्याची ती खूण. पुढे छिद्रं लहान होत जातात, मग पुन्हा रांग. एक रांग, एक वर्ष. शिसमात अशी रांग नसते, छिद्रं विखुरलेली असतात आणि त्यांच्या अंगाला फिकट रेघा चिकटलेल्या असतात.

जुन्या तुळईत या रांगा इतक्या जवळ असतात की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. आणि हल्ली लागवडीतून येणारं सागवान बघा: एक रांग आणि दुसरी रांग यांच्यात बोट बसेल इतकं अंतर. लवकर वाढलेलं झाड वाईट असं मी म्हणत नाही. पण कोवळ्या झाडात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त असतो. वाळवी, भुंगे धरतात ते याच पांढऱ्या भागाला. सागाचं जे नाव आहे, पिढ्या टिकतो म्हणून, ते सगळं गाभ्याचं आहे. आणि गाभा भरायला वर्षं लागतात.

मागे महालात बडकस चौकाच्या मागे एक कवेलूचा वाडा पडला. ठेकेदार सगळ्या मालाचा सागाचा भाव सांगत होता. आमच्या मोठ्या मिस्त्रींनी एका खांबावर अंगठ्याचं नख ओढलं, छिलपा काढला आणि म्हणाले, “सागवान नोय भाऊ हे. बीजा होय.” ठेकेदार ऐकेना. मग मिस्त्रींनी पाण्याचा पेला मागवला, छिलपे त्यात टाकले आणि पेला उन्हात ओट्यावर ठेवला. चहा होईस्तोवर पाणी सोनेरी झालं होतं. पेल्याच्या मागे काळं कापड धरलं तर कडेने निळी झाक उजळली, अगदी मोरपिसातली. ठेकेदाराने पेला हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला, आणि भाव खाली आणला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरांना दाखवायला तो छिलपे मागायला शेडवर आला.

बीज्याचे पेले तुम्ही पाहिले असतील. मधुमेहावर म्हणून लोक रात्री त्यात पाणी ठेवतात आणि सकाळी पितात. नागपुरातल्या वनौषधींच्या प्रदर्शनांत ते हमखास विकायला असतात. त्याच झाडाच्या सालीला चीर दिली की रक्तासारखा लाल डिंक वाहतो, तोही औषधी. लाकूड सागाच्या खालोखाल. पाला गुरांना आवडतो, त्यामुळे रोप वर येतं तेच खाल्लं जातं. सागाच्या खरखरीत पानाला गुरं तोंड लावत नाहीत, वणवा लागून गेला तरी साग बुंध्यातून पुन्हा फुटतो. बीज्याला असं संरक्षण नाही. त्याची चपटी गोल शेंग, भोवती कागदासारखा पंख, वाऱ्यावर लांब जाते, पण रुजण्यात फार मागे. ज्या झाडाचं खोड, साल, डिंक, पाला सगळंच कामाचं, ते झाड जंगलात कमी होत जाणारच. आययूसीएनने त्याला संकटाच्या उंबरठ्यावरच्या वर्गात ठेवलंय. शिसमाची गत त्याहून वाईट, तो ‘असुरक्षित’ वर्गात. भिर्रा तर लोकांना माहीतही नसतो. गडचिरोलीकडचं हे पिवळट, रेशमी चमक असलेलं टणक लाकूड १९९८ मध्येच ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलं गेलं.

मी एक वही ठेवते. कोणत्या मोहल्ल्यातला वाडा, अंदाजे कधीचा, आणि त्यात कुठल्या जागी कुठलं लाकूड. सुरुवातीला ती हिशेबासाठी होती, आता ती माझ्यासाठी त्याहून मोठी झाली आहे. शंभर वर्षांपलीकडच्या वाड्यांत जंगलातली अर्धी झाडं सापडतात. तुळया सागाच्या, फाटे ऐनाचे, उंबरठा बीज्याचा किंवा शिसमाचा. खुंट्या आणि दांडे तिवसाचे. मुलांचा पाळणा शिवणीचा, कारण शिवण हलकी आणि तडकत नाही. फडताळात कुठेतरी हळदूची फणी निघते. अंगणात मोडकी बंडी असली तर तिच्या चाकाचे आरे तिवसाचे आणि आस धावड्याचा. प्रत्येक जागेला कुठलं झाड लागतं हे सुताराला आणि घरमालकालाही माहीत होतं, आणि ते ते झाड मिळतही होतं. पन्नास-साठच्या दशकातल्या घरांत मात्र सगळीकडे साग, तोही बारीक. ऐंशीनंतरच्या घरांत तर काय लाकूड आहे हे सांगायला मलाही भिंग पुरत नाही. कुठून कुठून आलेलं असतं.

मधल्या काळात काय झालं ते समजून घ्यावं लागतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. १८६४ मध्ये देशाचं वनखातं उभं राहिलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. रुळांखाली घालायला टिकाऊ लाकूड हवं होतं, पूल हवे होते, बंगले हवे होते. सागाची किंमत ठरली आणि बाकीची झाडं त्याच्या आड येणारी ठरली. जंगलाची कामं सागाला जागा मोकळी करण्याच्या हिशेबाने होऊ लागली. मिश्र जंगल कापून तिथे साग लावायचा ही रीत तेव्हाची. १९७४ मध्ये आपल्याकडे वनविकास महामंडळ झालं, मुख्यालय इथे नागपुरातच, आणि या रीतीला वेग आला. आजही लिलावात सागाचे लॉट वेगळे लागतात आणि उरलेलं सगळं आडजात म्हणून एकत्र. बीजा, तिवस, धावडा, हळदू, सगळे त्या एका ढिगात. जे नीट मोजलं जात नाही ते कमी झालेलं कळत नाही, हे मला वखारीवरच्या वह्या चाळताना फार जाणवतं. सासऱ्यांच्या जुन्या वह्यांत बीज्याचे, शिसमाचे स्वतंत्र रकाने आहेत. पुढच्या वह्यांत ते रकाने रिकामे राहतात, आणि नंतर आखलेच जात नाहीत.

मूळचं जंगल कसं असायचं ते बघायचं असेल तर आलापल्लीला जा. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने गेलं की ‘वनवैभव’ लागतं. जेमतेम ६ हेक्टरांचा तुकडा. १९५३ पासून तिथे कुऱ्हाड लागलेली नाही, आणि २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. मी पावसाळा संपता संपता गेले होते. साग होतेच, मान मोडेपर्यंत वर बघावं असे. पण मला धरून ठेवलं ते सागांच्या मधल्या जागांनी. ऐनाची भेगाळलेली साल, बेहड्याचे बुंधे, मनगटापेक्षा जाड वेली, खाली कुजणारं एक पडकं खोड आणि त्यावर भूछत्रं. आमच्या धंद्यात जंगल म्हणजे घनफूट. तिथे उभं राहिल्यावर घनफूट मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

पडक्या आणि पोकळ झाडांवरून रानपिंगळा आठवला. मेळघाटातल्या लोकांना तो माहीत आहे, नागपूरकरांनाही माहीत असायला हवा. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहानशा घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसलाच नाही. संपला असं सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला, एकशेतेरा वर्षांनी. नंतर मेळघाटात बऱ्यापैकी संख्येने सापडला. आजही तो संकटग्रस्त आहे. सागाच्या पानगळी जंगलात राहतो आणि जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. लाकूडवाल्याच्या नजरेत ढोलीचं झाड म्हणजे बाद माल, आधी काढून टाकायचं. कोवळ्या, सरळ, निरोगी सागाच्या ओळींत ढोली पडायला कित्येक दशकं जावी लागतात, आणि तोवर त्यांच्या तोडीची पाळी आलेली असते. म्हणून नुसती हिरवाई वाढली हे ऐकून मला समाधान होत नाही.

आता बाजाराकडे येऊ. १९८८ च्या वननीतीने जंगलातून महसूल काढण्यापेक्षा ते राखण्याला वरचं स्थान दिलं. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मनमानी तोडीला लगाम घातला, जंगलालगतच्या आरामशिनींवर बंधनं आली. लकडगंजातल्या लोकांना हे दिवस पाठ आहेत, कितीतरी घरांची चूल त्यावर अवलंबून होती. तरी मी म्हणते, झालं ते योग्य झालं. आपलं जंगल त्यामुळे काहीसं वाचलं. पण आपली भूक तेवढीच राहिली आणि ती दुसऱ्यांच्या जंगलाकडे वळली. बर्माचं सागवान आलं, २०१४ मध्ये म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद करेपर्यंत येत राहिलं. चौकटीसाठी ‘मलेशियन साल’ आला. आपला साल बालाघाट-मंडल्याच्या जंगलातला. या नावाने विकलं जातं ते आग्नेय आशियातल्या त्याच्या नात्यातल्या कितीतरी जातींचं जड लाकूड. त्यातल्या अनेक जाती लाल यादीत वरच्या धोक्यात आहेत. बोर्निओतला एखादा प्रचंड वृक्ष आपल्या मनीषनगरातल्या फ्लॅटच्या बाथरूमची चौकट होऊन बसतो, आणि मालकाला त्याचं नावही ठाऊक नसतं. मग आलं आफ्रिकन पडाक, लालभडक, देव्हाऱ्यासाठी फार मागणी. तो बीज्याचा सख्खा नातेवाईक. आफ्रिकेतल्या त्या वंशाच्या सगळ्या जातींचा व्यापार २०२२ च्या साइट्स परिषदेत नियंत्रणाखाली आणायचं ठरलं.

साइट्स म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. भारत त्यात १९७६ पासून आहे. ब्राझीलच्या शिसमाला, ज्याच्या गिटारी जगभर नावाजल्या, या कराराने १९९२ मध्ये सगळ्यांत कडक यादीत घातलं. नंतर चीनमध्ये लाल लाकडाच्या फर्निचरची मागणी इतकी वाढली की थायलंड-कंबोडियाकडचे शिसम वेगाने संपायला लागले. चिरलेल्या फळीवरून शिसमाची नेमकी जात ओळखणं सीमाशुल्काच्या माणसाला कसं जमावं? म्हणून २०१७ पासून शिसमाचा सगळा वंशच नियंत्रणात आला. आपल्याकडच्या सहारनपूरच्या कारागिरांना त्याचा फटका बसला, कारण ते वापरतात तो उत्तरेकडचा शिशवा भरपूर असला तरी त्याच वंशातला आहे. पुढे वाद्यांना आणि ठरावीक वजनाखालच्या वस्तूंना सूट मिळाली. कारागिरांचं दुखणं खरं होतं. पण सरसकट नियम करण्यामागचं कारणही मला भिंग डोळ्याला लावलं की दर वेळी पटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनने जगातल्या झाडांचा मोठा आढावा मांडला. ४७ हजारांहून अधिक जाती तपासल्या, त्यातल्या १६ हजारांहून अधिक नष्ट होण्याच्या धोक्यात. वाघ-हत्तींची आपण निदान बातमी तरी वाचतो.

गिऱ्हाईक विचारतं, मग घ्यायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे. जुनं लाकूड असेल तर पहिलं ते. नाहीतर शेतात लावलेला साग, बाभूळ, कडुनिंब, आंबा. कडुनिंबाचं लाकूड नागपुरात फुकट घालवतात, त्याला वाळवी सहसा धरत नाही. आयात लाकूड घ्यायचंच असेल तर दुकानदाराला झाडाचं नाव आणि देश विचारा, आणि बिलावर लिहून मागा. बिलावर लिहायची वेळ आली की बरेच जण गप्प होतात. माझा एक शेजारी डॉक्टर, नव्या घराच्या सगळ्या दारांसाठी त्याने असं लिहून मागितलं. तीन दुकानांनी टाळलं, चौथ्याने घानाच्या लागवडीतल्या सागाचे कागद काढून दाखवले. दारं तिथूनच झाली.

भावाच्या भिवापूरकडच्या शेतात आम्ही धुऱ्यावर बीजा लावलाय. शेंगांचे पंख कातरून, पाण्यात भिजवून पेरल्या तर थोड्या जास्त रुजतात असा आमचा अनुभव. रोपांना काट्यांचं कुंपण केलंय, बकऱ्यांपासून जपावी लागतात. भाऊ म्हणतो, “याचं लाकूड तुले नाई कामी येणार, तुह्या नातवाले येईल.” ते कापावं असं मला वाटतच नाही. त्याला शेंगा लागल्या की आसपासच्या कुणालाही बी न्यायला येऊ देणार, एवढं ठरलंय.

आणि वाचणाऱ्यांकडे एक मागणं. मेट्रो आली, रस्ते रुंद झाले, वाटण्या झाल्या, महाल-इतवारीत दर महिन्याला कुठलातरी वाडा पडतोय. बरंचसं लाकूड ठेकेदार वजनावर विकतो, आणि ते भट्टीत किंवा हॉटेलच्या तंदुरात जातं. ज्या झाडाला वाढायला दीडशे वर्षं लागली ते एका लग्नाच्या जेवणात संपतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचा वाडा पडणार असेल तर सौदा करण्याआधी कुणातरी जाणत्या सुताराला बोलवा. तुळया मध्ये कापू देऊ नका, लांबीतच त्यांची किंमत आहे. लाकूड मला विकलं नाहीत तरी चालेल, पण वहीसाठी एक तुकडा हवा: तळहाताएवढा, रंग किंवा डांबर नसलेल्या जागेचा, आडव्या कापाचा. सोबत चिठ्ठीवर लिहा की तो तुळईचा, खांबाचा की उंबरठ्याचा, आणि घर अंदाजे कधी बांधलं. मालकाचं नाव मी लिहीत नाही. मोहल्ला, साल, जागा आणि झाड, एवढंच वहीत जातं.